खालचा काठ

३ फेब्रुवारी, मंगळवार

ताईचा उजवा डोळा गेला आहे. असं एकदम लिहायचं नव्हतं, पण दुसरं कसं लिहायचं ते सुचत नाही. ती चष्म्याचा नंबर बदलायला गेली होती. चष्मेवाल्याने डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवलं, आणि आज दुपारभर एकेका यंत्रावर हनुवटी टेकवून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, काचबिंदू. उजव्या डोळ्याला आता उजेड-अंधार तेवढा कळतो. डाव्यात मधोमध थोडं शिल्लक आहे, किल्लीच्या भोकातून बघावं तेवढं.

मी विचारलं, दुखलं नाही, खुपलं नाही, मग असं कसं झालं? त्या म्हणाल्या, हा असाच येतो, पाऊल न वाजवता. डोळ्यात सतत पाणी तयार होतं आणि झिरपून जातं. निचरा नीट होईना की आत दाब वाढतो आणि डोळ्यामागच्या नसेतले धागे एकेक करून मरतात. बहुतेक वेळा आधी कडेचं दिसणं जातं. मधलं शेवटपर्यंत चांगलं राहतं, म्हणून पत्ता लागत नाही. आणि जिथलं दिसेनासं होतं तिथे काळा डागही दिसत नाही. मेंदू आसपासचंच ओढून ती जागा भरून काढतो.

"म्हणजे रफू करतो," ताई म्हणाली. "आमच्याच धंद्यातला निघाला."

तेव्हा मग बाईंना आमचं काम सांगावं लागलं. मी विचारलं की मेलेल्या धाग्यांचं काय. त्या म्हणाल्या, "त्याला मात्र रफू नाही. गेलं ते गेलं. आता आहे ते राखायचं."

निघताना त्यांनी मला म्हटलं की सख्ख्या भावंडांमध्ये हा जास्त आढळतो, तुम्हीही तपासून घ्या. मी हो हो म्हटलं. बारा नंबरच्या, सगळ्यात बारीक सुईत मी अजून पहिल्या फटक्यात दोरा ओवते, ते कशाला सांगायचं. गेल्याच वर्षी चष्मेवाल्याच्या तक्त्यावरची शेवटची ओळ मी धडाधड वाचली होती.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ताईने माझा हात धरला. पण ठेचकाळले मीच. डोळे भरून आले होते, दुसरं काय.

५ फेब्रुवारी, गुरुवार

थेंब घालायला शिकले. डोकं मागे, खालची पापणी ओढून एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने दाबून धरायचा. दुसऱ्या बाटलीतला थेंब लगेच घालायचा नाही, नाही तर पहिला वाहून जातो. ताई म्हणाली, "शाळेत तुझं नाक मी पुसायचे. आता फेड."

आई गेली तेव्हा मी लहान होते. ताई स्वतः पोरगीच, पण माझ्या वेण्या, माझा डबा, माझे पाढे, सगळं तिच्याकडे. तिने लग्न केलं नाही. माझं झालं, आणि ते गेल्यावर मी सरळ तिच्याकडे परत आले. तेव्हापासून आम्ही दोघी या लाँड्रीच्या वरच्या खोलीत, मोठ्या खिडकीशी समोरासमोर खुर्च्या टाकून लोकांचे फाटलेले कोट आणि हॉटेलांचे टेबलक्लॉथ सांधत बसलो आहोत.

हे काम आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये शिवणाच्या मदरनी शिकवलं. त्यांचा वर्ग उत्तरेच्या खिडकीत असायचा. फरशीला मेणाचा वास, बाहेर कुणीतरी पियानोवर तेच तेच चार सूर चुकवतंय, आणि मदर पाठीमागून येऊन आमचं कापड उचलायच्या. त्यांचा एक नियम होता. जिने सांधलं तिने तपासायचं नाही. दुसरीने तपासायचं, आणि तेही डोळे मिटून, तळहात फिरवून. म्हणायच्या, डोळ्यांना जे बघायचं असतं तेच ते बघतात. तो नियम आम्ही अजून पाळतो. मी सांधते, ताई डोळे मिटून हात फिरवते. तेवढं काम तिचं कुणी काढून घेणार नाही, असं मी तिला आज म्हटलं. तिने मान हलवली.

९ फेब्रुवारी, सोमवार

लाँड्रीवाल्यांचं मांजर जिन्यात पायात येतं. आज पुन्हा शेपटीवर पाय पडला. लाँड्रीवाले म्हणाले, "धाकट्या बाई, तिने माझ्याकडे तक्रार केलीय. म्हणते, वरच्या बाईंनी एकतर मला भाडं द्यावं, नाही तर घंटा बांधावी. मला नाही, बाईंना." मी हसले, पण घरभर असंच चाललं आहे. स्टूल वाटेत ठेवलेलं असतं. ताई कुठेही वस्तू ठेवते, बिचारीला दिसत नाही, आणि मग मी अडखळते. चहाचा कप टेबलाच्या अगदी काठाला ठेवला होता, तो माझ्या कोपराने पडला.

ताई मला म्हणाली, "चिमणे, तू तपासून आलीस का?" मी तिच्यासमोर खिडकीत उभी राहून काळा दोरा बारा नंबरच्या सुईत ओवून दाखवला. "बघ. आता बोल." ती बघत राहिली. तिला सुई दिसली की नाही कोण जाणे.

आप्पांची, आमच्या वडिलांची, आठवण झाली. शेवटी शेवटी ते भिंतीला हात लावत चालायचे आणि पेपर मात्र चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचायचे. आम्ही म्हणायचो, म्हातारपण.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

थेंबांनी दाब उतरला, पण पुरेसा नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डाव्या डोळ्यात नस इतकी बारीक उरली आहे की आता वाट बघण्यात अर्थ नाही. शस्त्रक्रिया करून पाण्याला बाहेर पडायची नवी वाट करून द्यायची. त्याने नजर वाढणार नाही, आहे ती टिकेल. धोका? आहे, त्यांनी लपवला नाही. न करण्याचा धोका मोठा आहे, म्हणाल्या.

ताईने विचार करते असं सांगितलं.

विचार काय करायचाय? एकच डोळा आहे आणि तोही विझत चाललाय. येताना रस्ताभर मी बोलत होते आणि ती माझा दंड धरून चालत होती. वाटेत दोनदा तिने मला मागे ओढलं. एकदा सायकल आली, एकदा फुटपाथचा काठ. मी म्हटलं, तुला दिसलं? ती म्हणाली, नाही, तुझं पाऊल कळलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

ताई नाही म्हणते. सरळ नाहीही म्हणत नाही, नुसती हसते. मी रागावले, रडले, तिच्या पायाशी बसले. म्हटलं, तू आंधळी झालीस तर मी काय करू? तुझ्याशिवाय मला कोण आहे? तिने माझ्या केसांतून हात फिरवला, कापडावरून फिरवते तसाच, सावकाश, काहीतरी शोधत असल्यासारखा.

शाळेत सकाळच्या प्रार्थनेला मी तिच्या फ्रॉकचा पट्टा धरून उभी राहायचे. आज देवाला म्हटलं, माझी नजर तिला दे. अर्धी दे. मला अर्धी पुरेल.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आज जे झालं ते लिहायचं धाडस होत नाही, पण लिहिते.

हॉटेलच्या मोठ्या जेवणासाठी पांढऱ्या टेबलक्लॉथांचा ढीग आला आहे. मी तो आठवडाभर सांधते आहे. माझी पद्धत ठरलेली. कापड वळणीवर टाकायचं, वरून खाली बघत जायचं, भोक दिसलं की लाल दोऱ्याची खूण करायची, मग टेबलावर घेऊन खुणा सांधायच्या. झालेली कापडं ताईच्या बाजूला. आज सकाळी ती अंघोळीला गेली असताना घडी घालायला एक टेबलक्लॉथ उचलला. खालच्या काठाशी रफू. माझं नव्हे. टाके वेडेवाकडे, आणि दोरा पांढरा नाही, मळक्या पिवळ्या रंगाचा. तिला पांढरा कुठला ते कळलं नसणार. दुसऱ्यावर बघितलं, तिथेही. तिसऱ्यावरही. सगळी खालच्या काठाला.

तिथे भोकं नव्हती. मी खूण केली नव्हती म्हणजे नव्हतीच.

मी टाके उसवले. खाली भोक होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. ती कातरीने चाचपडत असणार, कापड कापलं जात असणार, आणि मग ती घाबरून, मला कळू नये म्हणून सांधत असणार. जिच्या रफूवर मदर भिंग धरायच्या आणि भिंगातही सांधा सापडायचा नाही, ती ही.

ती आली. मी टेबलक्लॉथ तिच्या मांडीवर टाकला. म्हटलं, "जिथे नव्हतं तिथे भोक पाडलंस, ताई."

तिने त्या जागी बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

"पाडलं असेन," ती म्हणाली.

मी तिची कातर आणि सुयांचा डबा उचलला आणि माझ्या कपाटात ठेवला. मला वाटलं होतं भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

ताई शस्त्रक्रियेला तयार आहे. अट घातली आहे.

"तू आधी त्या भांड्यात डोकं घाल," ती म्हणाली. दवाखान्यात पांढऱ्या टोपल्यासारखं एक यंत्र आहे. त्यात बघायचं, बारीक दिवे लुकलुकतात, दिसला की बटण दाबायचं. त्यावरून नजरेचा पसारा कळतो. "मला त्याची धास्ती बसलीय. तू सगळ्या तपासण्या करून आलीस की मग मी टेबलावर आडवी पडते."

लहान मुलासारखं. औषध आधी बाहुलीला, मग मला. मला राग आला आणि तिची कीवही आली. म्हटलं, बरं. पण हॉटेलचं काम उरकू दे, मग जाऊ.

"आधी," ती म्हणाली.

"ताई, काम तारखेचं आहे आणि माणूस एक आहे."

४ मार्च, बुधवार

हॉटेलच्या भांडारबाई स्वतः आल्या. ढिगातल्या, शनिवारी नेलेल्या टेबलक्लॉथना खाली भोकं राहिली म्हणून पाहुण्यांसमोर लाज गेली, असं म्हणाल्या. मी मान खाली घातली. ताईची करणी आहे असं कसं सांगू? म्हटलं, आमच्याकडून राहिलं, पुन्हा होणार नाही. ताई शेजारीच बसली होती. तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

त्या गेल्यावर म्हणाली, "उद्या जाऊ या ना दवाखान्यात." मी म्हटलं, आता तर मुळीच नाही, सगळा ढीग पुन्हा बघायचाय. पुढच्या आठवड्यात.

११ मार्च, बुधवार

आज ताई समोर ठेवलेला पेला शोधत होती. हात त्याच्या बाजूने गेला, पलीकडे गेला, परत आला. मी बघत राहिले. गेल्या महिन्यात ती पेला शोधत नव्हती.

मी ओरडले. अट सोड म्हणून ओरडले. तुझ्या एका हट्टापायी उरलेलं घालवशील. डोळा तुझा आहे, माझा नाही, माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? खाली लाँड्रीतल्या इस्त्र्या थांबल्या इतकी ओरडले.

ती शांतपणे म्हणाली, "मग तू जा ना, चिमणे. इतकंच तर मागतेय."

उद्या हॉटेलचा माणूस माल घ्यायला येणार. तो गेला की सोमवारी, फार तर मंगळवारी.

१७ मार्च, मंगळवार

झालं एकदाचं. मी त्या टोपल्यात डोकं घातलं. ताई बाहेर बाकावर. एक डोळा झाकून समोरच्या ठिपक्याकडे बघायचं. सुरुवातीला मजा वाटली, दिवा लुकलुकला की बटण. शाळेत घंटा वाजवायची पाळी यायची त्याची आठवण झाली. पण यंत्र जुनं असावं. मध्येच दिवे लागायचे बंद व्हायचे. मी नुसती बटण धरून बसलेली, काहीच नाही, मग वर एखादा लागायचा, पुन्हा बंद. तपासणाऱ्या मुलीला मी म्हटलं, बाळ, तुमचं यंत्र अडकतंय. ती म्हणाली, तुम्ही फक्त ठिपक्याकडे बघत राहा.

दुसऱ्या डोळ्यालाही तसंच अडकलं.

मग दाब मोजला, नस बघितली. डॉक्टरीणबाई बराच वेळ बघत होत्या. उद्या दोघींनी मिळून या, म्हणाल्या. मी म्हटलं, माझं काय ते सोडा, ताईची तारीख द्या. त्यांनी लगेच दिली, मंगळवारची. मी बाहेर येऊन ताईला सांगितलं, "घे. सगळं केलं. काही दुखत नाही, यंत्र तेवढं मोडकं आहे."

तिने विचारलं, "कुठले दिवे लागत नव्हते गं?"

"खालचे," मी म्हटलं.

ताईने तोंड फिरवलं. तिला हसू आलं असेल असं मला वाटलं.

१८ मार्च, बुधवार

यंत्र मोडकं नाही.

दोन्ही डोळ्यांत आहे. बाईंनी कागद पुढे ठेवला. प्रत्येक डोळ्याचं एकेक वर्तुळ, वरचा भाग स्वच्छ आणि खाली काळं, खालून ओल चढलेल्या भिंतीसारखं. मधोमध मात्र लख्ख. तिथूनच मी सुईत दोरा ओवत होते.

त्या म्हणाल्या, तुमचं बरंच शिल्लक आहे, थेंब रोज नेमाने घातले आणि तपासण्या चुकवल्या नाहीत तर बहुधा राहील. मी ऐकत होते आणि माझ्यासमोर मांजर होतं, स्टूल होतं, काठावरचा कप होता, आणि वळणीवर टाकलेलं पांढरं कापड होतं. वरून खाली. वरून खाली बघत जायचे मी.

मी ताईकडे बघितलं. म्हणजे मान पूर्ण वळवून बघितलं.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच ढिगाला. हात फिरवला तर खालचा काठ तसाच. दुसऱ्याचा तसाच. तू कधी भोक सोडलंस का आयुष्यात?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तू सुई ओवून दाखवलीस."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की त्यांना हा सौदा मुळीच पसंत नव्हता. ताईने फोन करून अट कळवली तेव्हा त्यांनी तिला सांगितलं होतं की तुमच्या डोळ्याला एकेक दिवस महाग आहे. ताईने त्यांना उत्तर दिलं होतं, तिचं जास्त शिल्लक आहे, आधी तिचं बघा.

आणि मी टेबलक्लॉथ सांधत होते. हॉटेलचं काम उरकू दे म्हणत होते. माझी नजर तिला दे म्हणत होते.

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, "मी तुझ्यावर भोकं पाडल्याचा आळ घेतला. तू नुसतं 'पाडलं असेन' म्हणालीस."

"तू काय ऐकणार होतीस त्या वेळी?" ती म्हणाली. "आणि माझीही खात्री नव्हती गं पूर्ण. एवढंसं दिसणाऱ्या बाईने दुसरीला म्हणायचं की तुला दिसत नाही. मलाच वाटलं, खरंच मी पाडली असतील तर?"

२४ मार्च, मंगळवार

ताईला आत नेलं. जाताना म्हणाली, "थेंब घातलेस का सकाळचे?" घातले होते. कोपरा दाबून धरला होता. माझे मी घातले, एक गालावर ओघळला, पुन्हा घातला.

बाकावर बसून आहे. समोरचं दार दिसतंय, दाराखालची फट मान वाकवल्याशिवाय दिसत नाही. किती दिवस दिसत नव्हती कोण जाणे. आज मुद्दाम बघते आहे म्हणून दिसत नाही हे कळतंय.

पेला शोधणारा तिचा हात डोळ्यांपुढून जात नाही.

२५ मार्च, बुधवार

पट्टी काढली. दाब उतरला आहे. बाईंनी पाठ थोपटली, पण पुढचे काही आठवडे जपायचं, वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही. मी विचारलं, किती उरलं? त्यांनी ताईसमोरच सांगितलं, तिला लपवलेलं चालत नाही. पहिल्या तपासणीपेक्षा कमी. या दीड-दोन महिन्यांत गेलं ते परत येणार नाही.

ताई म्हणाली, "आहे त्यात चिमणीचं तोंड बसतं. जरा लांब उभं राहायला लागेल तिला."

मला हसता आलं नाही.

२ एप्रिल, गुरुवार

सकाळ-संध्याकाळ आम्ही एकमेकींच्या डोळ्यांत थेंब घालतो. लाँड्रीवाल्यांनी जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या काठाला पिवळी पट्टी मारून दिली आणि मांजराला खरंच घंटा बांधली. म्हणाले, तुम्हाला बांधायचा धीर झाला नाही.

आज दुपारी ताईने तो टेबलक्लॉथ मागितला. मी उसवलेला. हॉटेलच्या ढिगातून मी तो काढून ठेवला होता, आणि तेव्हापासून त्याच्याकडे बघवत नव्हतं. मी तो तिच्या पुढ्यात पसरला. तिने डोळे मिटले आणि तळहात फिरवत खाली आली.

"इथे."

मी मान वाकवली. आता शिकवलं आहे तसं, नजर नव्हे, सगळं डोकं खाली नेलं. भोक तिथे होतं. कातरीचं नव्हतंच. कडा झिजलेल्या, धागे विरळ होत गेलेले, धुऊन धुऊन विरलेल्या कापडाला पडतं तसं. त्या दिवशी सकाळी मी ते नाकासमोर धरलं होतं, आणि कातरीचं आणि विरलेलं यातला फरक आमच्या वर्गातल्या सगळ्यात ढ मुलीलाही कळला असता. ते मला माझ्या डोळ्यांनी दाखवलं होतं. मलाच बघायचं नव्हतं.

कपाटातून सुयांचा डबा आणला. पांढरा दोरा मी निवडला, बारा नंबरच्या सुईत ओवला आणि सुई ताईच्या बोटांत दिली. ती बोटाने जागा धरून टाके घालू लागली. तिचा टाका तिरका जायला लागला की मी सांगायचे, वर घे, आत घे. असं करत आम्ही ते एवढंसं भोक सांधलं. मदरनी पास केलं नसतं.

शेवटचा टाका झाल्यावर ताईने दोरा ताणून धरला आणि दुसरा हात माझ्यापुढे केला.

"कातर दे," ती म्हणाली.

मी दिली.